दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढल्यानंतरची खांदेदुखी

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील रुग्ण ही शस्त्रक्रिया करवून लवकर घरी परततात आणि खांदा दुखतो म्हणून आपल्याकडे येतात. शस्त्रक्रियेवेळी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटलाचा क्षोभ होतो. त्याची चेता मानेतून निघत असल्याने वेदना खांद्यात जाणवते. ती बहुधा दोन-तीन दिवसांत शमते.

मात्र वाढती पोटदुखी, ताप किंवा कावीळ असल्यास पित्तगळती अथवा पित्तनलिकेत राहिलेला खडा संभवतो. तेथे वातशमन वा कामलाचिकित्सा करीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. औषधविक्रेत्यांनीही वेदनाशामक देण्यापूर्वी या लक्षणांची विचारपूस करावी.