१९६५ च्या युद्धाचे स्मारक नाणे : एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना

पाच रुपयांचे नाणे हातात येते, दुकानदाराच्या गल्ल्यात जाते आणि त्यावर काय कोरले आहे हे पाहायचे राहून जाते. १९६५ च्या भारत-पाक युद्धाला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने भारत सरकारने २०१५ साली असेच एक नाणे काढले. प्रस्तुत लेखात या नाण्याच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. युद्धस्मृतीचे नाणे आपल्याला काय सांगते, आणि काय सांगत नाही?

स्मारक नाणे म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या स्मरणार्थ जे नाणे पाडले जाते त्यास स्मारक नाणे म्हणतात. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या नाण्याने सुरू झाली. नाणे काढण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. पूर्वी त्यास १९०६ चा नाणे कायदा लागू होता, आता २०११ चा कायदा लागू आहे. नाण्याचा आकार, धातू व त्यावरील चित्र यांचे वर्णन राजपत्रात प्रसिद्ध होते. म्हणून नाणे हे एक प्रकारचे सरकारी कागदपत्रच होय, फक्त ते धातूवर लिहिलेले असते.

नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टांकसाळींत पडतात. सालाच्या खाली पत्त्यांतील चौकटीसारखे चिन्ह असल्यास नाणे मुंबईचे, तारा असल्यास हैदराबादचे, ठिपका असल्यास नोएडाचे समजावे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. यांपैकी हैदराबादची टांकसाळ निजाम सिकंदर जाह यांच्या काळात १८०३ साली सुरू झाली.

स्मारक नाण्यांचे दोन वर्ग पडतात. काही नाणी नेहमीच्या व्यवहारात येतात. पाच रुपयांचे हे नाणे त्यांपैकीच असून ते निकेल-पितळेचे, २३ मि.मी. व्यासाचे व ६ ग्रॅम वजनाचे आहे. दुसरा वर्ग केवळ संग्राहकांसाठीचा. ही नाणी टांकसाळी आगाऊ नोंदणी घेऊन विकतात. त्यांतील मोठ्या मूल्याच्या नाण्यांत दीर्घकाळ निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असे प्रमाण होते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. 'जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील' अशा जाहिराती वारंवार दिसतात. अशा व्यवहारांत आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता. व्यवहारात आलेल्या स्मारक नाण्याचे मोल सामान्यतः त्याच्या स्मृतीत असते, किमतीत नव्हे.

नाण्यावरील चिन्ह

या नाण्यावर 'अमर जवान' हे चिन्ह असून दोन्ही बाजूंना ऑलिव्हची पाने आहेत. उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण, असे हे चिन्ह आहे. इंडिया गेट येथील अमर जवान ज्योती १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी प्रज्वलित झाली. म्हणजे १९६५ च्या स्मृतीसाठी नंतरच्या युद्धातून रूढ झालेले चिन्ह वापरले गेले. त्यात चेहरा नाही, नाव नाही, पलटण नाही. ते सर्वांचे आहे, कारण ते कोणा एकाचे नाही. हे त्याचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही.

चिन्हामागील माणसे

१९६५ च्या युद्धात दोघांना परमवीर चक्र मिळाले, दोघांनाही मरणोत्तर. पहिले कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स. गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूर गावच्या शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कंपनीच्या रसदीची व्यवस्था पाहणारा असा त्यांचा हुद्दा. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण विभागातील चीमा गावाजवळ जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे टिपत असताना त्यांना वीरमरण आले. दुसरे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, पूना हॉर्स. मुंबईत जन्मलेले तारापोर आधी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात होते. जखमी होऊनही त्यांनी रणांगण सोडले नाही आणि १६ सप्टेंबर रोजी सियालकोट विभागात ते धारातीर्थी पडले. एक हवालदार, एक कर्नल. एक मुसलमान, एक पारशी. नाण्यावरील शिरस्त्राण या दोघांचेही आहे, पण हे कळण्यासाठी नाण्याबाहेर पाहावे लागते.

काठावरचे नाव

नाण्यावर जे नसते ते पदकावर सापडते. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी परदेशात सेवा बजावली. त्या काळचे चांदीचे 'ब्रिटिश वॉर मेडल' अनेक घरांत आले. त्याच्या काठावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ही माहिती इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या पदकांवरही अशी नावे आढळतात. मात्र चांदीच्या मोहाने कित्येक पदके वितळवली गेली. नाणे वितळवणे कायद्याने गुन्हा आहे. आजोबांचे पदक मात्र सोनाराच्या मुशीत सहज जाते, आणि त्याबरोबर घरातील त्या सैनिकाचा कदाचित एकमेव लेखी पुरावाही.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावच्या परिसरात आणि पूर्वी संस्थानी फौजा असलेल्या हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा येथील जुन्या घरांत अशी पदके मिळण्याचा संभव आहे. ती घासून चकचकीत करू नयेत, त्याने अक्षरे झिजतात. भिंगाखाली काठ वाचावा, मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिगत त्यासोबत लिहून ठेवावी.

समारोप

२०१९ साली दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक उभे राहिले. तेथे पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे कोरली आहेत. जे रणांगणातून परतले, म्हातारे होऊन घरीच वारले, त्यांची नावे तेथे नाहीत. नाणे राष्ट्राची स्मृती जपते. या माणसांची स्मृती जपण्याचे काम त्यांच्या घरच्यांनाच करावे लागेल.