एका पंगतीची शाळा

गावात दूध संस्था काढायची ठरली, की आम्ही विस्तार अधिकारी सभासदांना पोटनियम समजावून सांगतो, भागभांडवलाचा हिशेब मांडतो, दुधाचे फॅट कसे काढतात ते दाखवतो. हे सारे हवेच. पण दुधात पाणी न घालण्याची बुद्धी कोणत्या पोटनियमाने येते? शेजाऱ्याची एक गाय आणि आपल्या दहा, तरी मत दोघांचे एकेकच, हे मनाला कोणत्या वयात पटते? डेन्मार्कमधील ख्रिस्ती विचारांच्या शाळांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. शेतकरी कुटुंबांनी ते ऐकण्यासारखे आहे.

डेन्मार्क क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. १८४९ साली तेथे राज्यघटना आली आणि घरदार असलेल्या शेतकऱ्याला मताचा हक्क मिळाला. पण त्याचा मुलगा चौदाव्या वर्षी गावची शाळा सोडून नांगर धरी. शाळेत शिके ते बहुतेक घोकंपट्टीचे. धर्माची प्रश्नोत्तरेसुद्धा पाठ म्हणायची. अशा मुलाने सभेत उभे राहून चार शब्द कसे बोलावे?

ग्रुंटविग (१७८३-१८७२) या धर्मोपदेशकाला ही उणीव जाणवली. माणूस आधी माणूस म्हणून जागा व्हावा, मग धर्म त्याला आपोआप उमगेल, असे त्यांचे मत. परीक्षा आणि पाठांतर यांऐवजी त्यांनी गाणी, इतिहास आणि तोंडी सांगितलेली गोष्ट यांवर भर दिला. त्यांच्या विचारांची पहिली लोकशाळा १८४४ साली रोडिंग येथे निघाली.

हा विचार शेतकऱ्याच्या घरात पोचवला तो क्रिस्टेन कोल्ड (१८१६-१८७०) या चांभाराच्या मुलाने. १८५१ साली फ्यून बेटावरील रिस्लिंगे गावी त्यांनी मोजक्या मुलांची निवासी शाळा काढली. मुले मोठ्या शेतकऱ्यांची असोत की लहान, जेवण एकच. गुरुजी मुलांच्याच पंगतीला बसत आणि रात्री त्यांच्याच माळ्यावर झोपत. बायबलमधील व देशाच्या इतिहासातील कथा ते अशा रंगवून सांगत, की मुलांना घोकायची गरजच पडत नसे.

पुढे अशा शाळा वाढल्या, तेव्हा त्यांचे वेळापत्रकही शेतीच्या सोयीने बसले. हिवाळ्यात शेतकाम थंडावते, म्हणून ते पाच महिने मुलांसाठी. उन्हाळ्यातील तीन महिने मुलींसाठी. शेवटी परीक्षा नाही, की प्रमाणपत्राच्या जोरावर नोकरी नाही. शिकलेला मुलगा पुन्हा आपल्या शेतावरच येई.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा मोठा मुलूख गेला. त्यानंतर गावोगावच्या लोकांनी या शाळा अधिकच जवळ केल्या. मग दुसरे संकट आले. १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात उतरले व भाव कोसळले. डॅनिश शेतकरी धान्याकडून दुभत्याकडे वळला. पण घरोघरचे लोणी वेगवेगळ्या प्रतीचे, त्यामुळे मोठ्या जमीनदाराच्या लोण्याला भाव आणि लहान शेतकऱ्याच्या लोण्याला हेळसांड, असे चाले. दुधातून साय काढण्याचे फिरते यंत्र निघाले आणि अनेकांचे दूध एकत्र करून एकाच प्रतीचे लोणी काढणे शक्य झाले. १८८२ साली येडिंग येथे पहिली सहकारी डेअरी सुरू झाली. कर्जाची जबाबदारी सर्वांची, नफा दुधाच्या प्रमाणात आणि सायीविना उरलेले दूध डुकरांसाठी परत घरी. पुढे बहुतेक डेअऱ्यांत माणशी एक मत ठरले, मग गाई कितीही असोत. शतक संपेपर्यंत अशा डेअऱ्या हजाराच्या घरात गेल्या.

ही सारी करामत शाळांचीच, असे म्हणणे बरोबर होणार नाही. यंत्र होते, रेल्वे होती, इंग्लंडची बाजारपेठ होती. शिवाय या शाळांचा मुख्य विषय गोठा किंवा लोणी नव्हताच. पण एका ताटाच्या रांगेत बसलेली, एका सुरात गायलेली आणि सभेत बोलायला शिकलेली तरुण मंडळी गावात होती. एकमेकांच्या शब्दावर कर्ज उचलायला धजणारी माणसे त्यांतूनच पुढे आली, हे तेथील अभ्यासकही मानतात.

उणिवाही होत्या. या शाळांत मुख्यतः जमीनधारकांची मुले येत. शेतमजुरांच्या मुलांना हिवाळ्यातही सवड आणि पैसा नसे. धर्माच्या बाबतीतही मतभेद होते. अधिक कडक मताच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या वेगळ्या शाळा काढल्या आणि काही ठिकाणी रविवारी दूध न घेणाऱ्या वेगळ्या डेअऱ्यासुद्धा! एका पंगतीला बसवणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

कोल्ड यांच्या शाळेच्या वळणाच्या निवासी माध्यमिक शाळा डेन्मार्कमध्ये आजही आहेत. त्यांना 'एफ्टरस्कोले' म्हणतात. अशा सुमारे अडीचशे शाळांत चौदा ते अठरा वयाची मुले-मुली एखादे वर्ष राहतात. काही शाळा उघडपणे ख्रिस्ती आहेत, काही धर्माविषयी फारसे बोलत नाहीत. आता बहुतेक ठिकाणी परीक्षाही होते. पण स्वयंपाकघराची पाळी, झाडलोट, सामुदायिक गाणे आणि गुरुजींचा दिवसभराचा सहवास सुटलेला नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, मुलाला वसतिगृहात घालताना आपण मागच्या वर्षीचा निकाल विचारतो. तो जरूर विचारा. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारा: जेवायला सगळी मुले एकत्र बसतात का? ताटे-भांडी कोण घासते? गुरुजी मुलांबरोबर जेवतात का? उद्या हीच मुले गावच्या संस्थेचे सभासद होणार आहेत. दूध संस्थेच्या चिटणिसाला पुढे जी कुलपे लावावी लागतात, त्यातली काही या वयातच वाचू शकतात.