टाकीतल्या गाळाचा हिशेब

कराडला खेटून असलेल्या मलकापूरने दीड दशकापूर्वी चोवीस तास पाणी दिलं, घरोघरी मीटर बसवले आणि जास्त वापराला चढा दर लावला. कुठल्या घरात किती पाणी गेलं हे तेव्हापासून कागदावर येऊ लागलं. तेच पाणी संडासातून सेप्टिक टँकमध्ये उतरलं की पुढची नोंद मात्र आपल्या लहान शहरांनी फार काळ ठेवलीच नाही. टाकी तुंबली की टँकरवाल्याला फोन करायचा. गाळ कुठे ओतला, हे विचारायचं नाही.

त्या गाळात काय असतं, याचे आकडे आपण उसने घेतले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १९८४ च्या पुस्तिकेत सेप्टेजच्या, म्हणजे टाकीतून उपसलेल्या गाळाच्या, बीओडीची (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची) सरासरी लिटरला ६,४८० मिलिग्रॅम आहे. गटाराच्या सांडपाण्यात बीओडी साधारण दोन-तीनशे असतो. पण त्याच तक्त्यातली किमान आणि कमाल पाहा: ४४० आणि ७८,६००! एवढ्या अंतरातल्या सरासरीवर प्रक्रिया केंद्राची क्षमता ठरवणं म्हणजे धाडसच. तरी आपल्याकडच्या मार्गदर्शक कागदपत्रांतही हेच आकडे फिरत राहिले. बीओडीची मूळ चाचणी २० अंशांवर पाच दिवसांची. आपल्या हवामानाला धरून भारतीय मानकाने ती २७ अंशांवर तीन दिवसांची केली. चाचणी आपली झाली, आकडे मात्र परकेच राहिले.

अंतर एवढं का पडतं, ते टाकीपाशी उभं राहिलं की कळतं. टाकी दोन वर्षांनी उपसली की बारा, घरात पाणी किती, तळाला फरशी आहे की नाही, यावर गाळ दाट की पातळ हे ठरतं. शिवाय नमुना कधी घेतला? टँकर रिकामा होताना सुरुवातीची आणि शेवटची धार सारखी नसते. एक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली की काम झालं, हा समज महागात पडतो.

मलकापूरच्याच जिल्ह्यात, कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाईने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची, ठेकेदाराचे पैसे कामगिरीला जोडायचे आणि खर्चाला स्वच्छता कराचा आधार द्यायचा. नाशिककडच्या सिन्नरनेही तोच मार्ग घेतला. वाईच्या गाळ प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज ७० हजार लिटर. तीन वर्षांच्या उपशाच्या या वेळापत्रकाचा मोजणीला होणारा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. टाकीचं वय माहीत असलं की नमुन्याला अर्थ येतो आणि तीन वर्षांनी त्याच टाकीशी तुलना करता येते.

एक भाग अजून दुर्लक्षित आहे. भारतीय आहारावरून केलेल्या एका अंदाजानुसार माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो नायट्रोजन शरीराबाहेर पडतो. त्यातला २.३ किलो लघवीतून, म्हणजे विरघळलेला. तो तळाच्या गाळात फारसा बसत नाही, टाकीच्या निकासातून शोषखड्ड्यात किंवा गटारात जातो. त्यामुळे टँकरमधला गाळ कितीही नेमका मोजला, तरी नायट्रोजनचा मोठा वाटा मोजणीबाहेरच राहतो. जमिनीत मुरलेला हा नायट्रोजन नायट्रेट होऊन भूजलात उतरू शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शोषखड्ड्यांजवळच्या विहिरी आणि बोअरचा नायट्रेटचा आकडा त्या वस्तीतल्या टाक्यांच्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचायला हवा.