पडदा काळा का?

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये परवा नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. बसवलं सातवीतल्या एका मुलाने, मी नुसता शेजारी उभा! बटण दाबलं. पंखे घूं घूं फिरू लागले, पण पडदा काळा ठिक्कर. पोराचं तोंड एवढंसं झालं. "सर, माझ्या हातून जळलं का हो कार्ड?"

आधी मॉनिटरची वायर पाहिली. ती जुन्याच जागी, मदरबोर्डच्या सॉकेटात! आता चित्र कार्ड तयार करणार, मग वायरही कार्डालाच लावायला हवी ना? लावली. तरी अंधारच.

मग कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण अंगावरची स्थिर वीज चिपला मारक असते. कार्ड खाचेत एका बाजूने किंचित वर राहिलं होतं. 'टक्' होईपर्यंत दाबलं. आणि बघतो तर काय, कार्डाच्या कडेचं आठ पिनांचं तोंड रिकामंच! खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. मोठ्या कार्डाचं तेवढ्यात भागत नाही. आठ पिनांची वायर पॉवर सप्लायकडून आणखी 150 वॅट आणते. (प्रोसेसरची वायरही अगदी तश्शीच दिसते बरं का! ती इथे घुसवू नका.)

वायर जोडली. "दाब बटण."

"तुम्हीच दाबा, सर."

"छे! कार्ड तू बसवलंस."

पडद्यावर अक्षरं उमटली आणि सगळा वर्ग ओरडला. हा पठ्ठ्या मात्र वाकून कार्डाचा पंखा फिरतोय का तेच बघत होता.