आरंभ-कोडॉनचा शेजार

हरितलवकात केवळ एयूजी पुरेसा नाही

हरितलवकात प्रथिनबांधणी कुठून आणि किती जोमाने सुरू होईल, हे एयूजी हा आरंभ-कोडॉन एकटा ठरवत नाही. त्याच्या आजूबाजूचा आरएनए-क्रमही ठरवतो. पेशीद्रवातला ८०एस रायबोसोम साधारणपणे संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावरील टोपीपासून (कॅपपासून) सरकत एयूजी शोधतो. हरितलवकातला रायबोसोम जिवाणूंसारखा ७०एस, आणि तिथल्या संदेशांना टोपीच नसते. मग १९७४ मध्ये जिवाणूंच्या अभ्यासातून पुढे आलेला, एयूजीच्या आधी रायबोसोमला बसायची जागा दाखवणारा शाइन-डाल्गार्नो क्रम (जीजीएजीजी) इथेही पुरेसा असावा, हा आक्षेप रास्त वाटतो. पण हरितलवकाच्या अनेक जनुकांत तो योग्य जागी नसतो, आणि तंबाखूच्या आरपीएस-२ जनुकात तर तशाच क्रमामुळे प्रथिनबांधणी उलट मंदावते.

मग जागा ओळखली कशी जाते? शाइन-डाल्गार्नो नसतो तिथे एयूजीभोवतीचा आरएनए सहसा स्वतःवर दुमडलेला नसतो. त्या मोकळ्या भागावर रायबोसोमला बसता येते. क्लॅमिडोमोनास शैवालाच्या पेट-डी जनुकात एयूजीच्या जागी एयूयू घातल्यावर बांधणी बरीच घटली, तरी थांबली नाही. शेजारक्रमाच्या बाजूने हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. एयूजीनंतरची अक्षरेही महत्त्वाची असतात : तंबाखूच्या आरबीसी-एल जनुकाचे सुरुवातीचे कोडॉन, अमिनो आम्ले न बदलता, समानार्थी कोडॉनांनी बदलले की त्यांना जोडलेल्या प्रथिनाचे प्रमाण कोसळते. आणि आरंभाला एयूजीच लागतो असेही नाही : तंबाखूतल्याच आरपीएस-१९ जनुकाची सुरुवात एयूजीने नव्हे, जीयूजीने होते.