मोठा टायर आणि खरे माप

चातुर्मास संपला की अनेक जैन कुटुंबांत तीर्थयात्रेचे बेत आखले जातात. मांगी-तुंगी असो वा कुंभोजचे बाहुबली, प्रवासापूर्वी गाडीचे झिजलेले टायर बदलण्याचा विषय निघतोच. अशा वेळी ‘थोडा मोठा टायर घ्या, गाडी उंच होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. व्यापारी घराने त्याचा हिशेब आधी मांडावा.

टायरच्या बाजूवर २३५/६५ आर १७ असे अंक असतात. पहिला अंक रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते दर्शवतो आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत देतो. या टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २४५/६५ आर १७ बसवल्यास तो ७५० होतो. वाढ १३ मिलिमीटरची असली तरी गाडी उंचावते त्याच्या निम्मीच, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवताना वा गाडी खड्ड्यात दबताना रुंद टायर आतल्या बाजूस घासण्याचा संभव असतो. जड चाक फिरवण्यास आणि थांबवण्यास अधिक शक्ती लागते. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली, तर ऐन वेळी एका चाकाचा घेर निराळा होतो.

याहून सूक्ष्म प्रश्न मापाचा आहे. गाडीचे मीटर चाकाच्या फेऱ्या मोजते. उपरोक्त मोठ्या टायरवर मीटरने १०,००० किलोमीटर दाखवले, तरी गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,१७६ किलोमीटर धावलेली असते. गाडी विकताना हे अंतर झाकले जाते. उलट, मूळ मापाहून लहान टायरवर मीटर अधिक आकडा दाखवते आणि किलोमीटरच्या दराने भाडे देणाऱ्या ग्राहकाकडून जास्त पैसे घेतले जातात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे कमी-अधिक मापाने देणेघेणे, सांगितले आहे. तराजूचा काटा जपणाऱ्या पेढीने मीटरचा काटाही जपावा. टायरचे माप बदलले असल्यास विकताना ते खरेदीदारास स्पष्ट सांगावे.

मालवाहू ट्रकच्या बाबतीत धोका अधिक आहे. टायरवरील भार-निर्देशांक १०४ म्हणजे त्या एका टायरची क्षमता ९०० किलो. निर्देशांक वाढला म्हणून ट्रकवर अधिक माल भरता येत नाही; ती मर्यादा आस, स्प्रिंगा आणि ब्रेक यांवरही ठरते व नोंदणीपत्रात लिहिलेली असते. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांतील ‘अतिभारारोपण’ मुळात भारवाही प्राण्यांविषयी आहे. परंतु अतिभारित ट्रकचे ब्रेक अपुरे पडले, तर जीव जातो तो चालकाचा, पादचाऱ्याचा वा रस्त्यावरील मुक्या प्राण्याचा.

उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत फेरबदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. म्हणून दुकानी जाण्यापूर्वी गाडीची पुस्तिका व चालकाच्या दाराजवळील पट्टी पाहावी. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारासाठी उत्पादकाने मोठे माप मान्य केले असेल, तर ते आपल्या गाडीसही चालते का, हे अधिकृत सेवाकेंद्रात विचारावे. होकार मिळाल्यास स्टेपनीसह पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत, भार-निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. होकार न मिळाल्यास मूळ मापाचेच चांगले टायर घ्यावेत.