डाळिंबाची मर व खोडांतील भुंगेरा

कचेरींत असतां नुकसानीचे पुष्कळ पंचनामे मीं लिहिले. त्यांत "झाडें वाळलीं" एवढाच मजकूर असे. कां वाळलीं, ह्याचा रकानाच नसे. तो रकाना प्रत्येक काश्तकारानें स्वतः भरावा, म्हणून हा लेख.

शेगांवनजीकच्या माझ्या एका आप्तांच्या डाळिंबाच्या बागेंत कार्तिकांत एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली. पाणी कमी पडलें असें समजून त्यांनीं पाणी वाढविलें. फाल्गुनापर्यंत त्याच ओळींतील सहा झाडें वाळलीं. पाहतों तों बुंध्यावर टांचणीच्या डोक्याएवढीं भोकें, त्यांतून निघालेला बारीक भुसा, आणि आडव्या कापलेल्या लांकडांत करडे-तपकिरी डाग!

ह्यांत अपराधी दोन आहेत. पहिली सेरॅटोसिस्टिस नांवाची बुरशी. ही मुख्यत्वें जमिनींतून मुळांच्या जखमांवाटे शिरते व रस वाहून नेणाऱ्या नळ्या बंद पाडते. म्हणून जमिनींत ओल असूनहि झाड तहानेनें मरतें. दुसरा अपराधी सुमारें एक दोरा लांबीचा काळसर भुंगेरा. इंग्रजींत ह्यास शॉट होल बोरर म्हणतात. हा लांकूड खात नाहीं. मादी तोंडाजवळील पिशवींत आपल्या निराळ्या बुरशीचें बीं घेऊन येते, बोगदा कोरते व त्यांत तें पेरते. तेंच पीक तिचीं पिलें खातात. अशक्त झाडाच्या वासाकडे हे भुंगेरे ओढले जातात. मर लागलेल्या झाडांत ते शिरले म्हणजे त्यांच्या अंगास व भुशास मरीचें बीं चिकटतें आणि रोग पुढें जातो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. थंड देशांतील फर व स्प्रूस वृक्षांच्या सालींतील भुंगेरे लांकूड निळें करणाऱ्या बुरशा वाहून नेतात. युरोप-अमेरिकेंतील असंख्य एल्म वृक्ष अशाच जोडीनें नष्ट केले. सिंहलद्वीपांतील चहाच्या मळ्यांसहि ह्याच जातीच्या भुंगेऱ्याचा उपद्रव आहे.

किडा व बुरशी दोन्ही लांकडाच्या आंत असल्यामुळें पानांवरील फवारणीचा उपयोग नाहीं. उपाय आधींच केला पाहिजे. कलमें निरोगी बागेंतूनच घ्यावीं. आपल्या भारी काळ्या जमिनींत पाणी सांचतें, म्हणून निचऱ्याचे चर काढावे व पाणी बेतानें द्यावें. बुंध्यास गेरूचा औषधमिश्रित लेप द्यावा. रोगी झाडाभोंवतीं खोल चर खणून तें वेगळें करावें, शेजारच्या झाडांच्या मुळांशीं औषध ओतावें, आणि छाटणीचीं हत्यारें दर झाडागणिक निर्जंतुक करावीं. औषध व मात्रा अकोल्याच्या कृषि विद्यापीठास अथवा 2005 सालीं स्थापन झालेल्या सोलापुरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रास विचारूनच ठरवावी.

पूर्ण वाळलेलें झाड मुळासकट काढून तेथेंच जाळावें. सरपण म्हणून बांधावर रचूं नये. आमच्या आप्तांनीं तेंच केलें होतें. सातवें झाड पिवळें पडलें तेव्हां त्यावर फळें होतीं, व तोडण्यास त्यांचा हात धजेना. अखेर तें, तें रचलेलें सरपण, सर्व एका दिवसांत जाळलें. आज त्या ओळींत सात खड्डे आहेत. पलीकडील ओळी मात्र हिरव्या आहेत. एकच फांदी पिवळी दिसतांच बुंधा पाहिला असता, तर खड्डा कदाचित् एकच राहिला असता.